तुम्ही विचारलंत म्हणून: ईजीआरला पट्टी मारू का?

"भाऊ, माह्या गाडीचं थे ईजीआर बंदच करून टाका ना." दर्यापूर तालुक्यात गॅरेज चालवतो म्हटल्यावर हे वाक्य कानावर पडणारच. कुणी फोनवर विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत. बंद करायचं म्हणजे इंजिनाचा धूर पुन्हा आत सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्वच्या तोंडाशी पत्र्याची पट्टी ठोकायची आणि विषय संपवायचा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नका मारू. आणि मुळात गाडीला तोच रोग आहे का, ते आधी बघा. "ईजीआर गेलं" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांचं दुखणं दुसरीकडेच निघतं.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा वाटा पुन्हा आत सोडायचा. ऐकायला उफराटं वाटतं खरं. पण त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. ते जळत नाहीत, उष्णता मात्र शोषून घेतात, म्हणून सिलिंडरमधलं तापमान फार चढत नाही. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. आग फार भडकली की मात्र तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं तयार होतात. ती कमी व्हावीत म्हणून हा सगळा खटाटोप.

डिझेल गाडीत हा व्हॉल्व हलक्या भारावर उघडतो, पाय पूर्ण दाबला की मिटतो. पेट्रोल गाडीत तो स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मिटलेला असतो. एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मं निदान घरबसल्या होतं. पेट्रोल गाडी एसटी स्टँडसमोर उभ्या उभ्या थरथरून बंद पडत असेल, तर व्हॉल्व उघडा अडकलेला असू शकतो. चढावर इंजिन टकटक वाजत असेल, तर मिटलेला. डिझेल गाडीत उघडा अडकला तर काळा धूर निघतो, पिकअप जातं, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी सरळ हात वर करते. डिझेलचा मिटून अडकला तर बहुतेक वेळा चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. लागला तर फक्त चेक लाइट लागतो.

आपल्याकडे हे व्हॉल्व लवकर का भरतात? आपल्या चालवण्यामुळे. गाव ते तालुका एवढीच धाव, तीही खड्ड्यांतून तिसऱ्या गिअरवर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की बाजारात एसी लावून गाडी उभी, इंजिन चालू. डिझेलची काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातून) येणारी तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळात, एकत्र येतात आणि गुळाच्या कढईच्या बुडाला बसतो तसा थर धरतात. आठवड्यातून एकदा तरी गाडी अमरावतीच्या रस्त्याला चांगली तापू द्या, जरा रेसमध्ये पळू द्या. त्याने साचलेला थर जाणार नाही, पण नवा सावकाश चढेल.

आता दुसरीकडे निघणाऱ्या दुखण्यांबद्दल. एका कापूस व्यापाऱ्याची गाडी दिवाळीपासून जिनिंगच्या आवारातच उभी असते. लाइट लागला, स्कॅनरवर पी ०४०१ आला, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा. त्यांना दुसरीकडे नवा व्हॉल्व टाकायला सांगितलं होतं. मी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत रुईच्या तुसाचा बोटभर थर, आणि पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेला तेच तूस चिकटलेलं. त्या इंजिनात व्हॉल्व किती उघडला हे गाडीतला संगणक थेट बघत नाही. धूर आत आला की ताजी हवा तेवढी कमी यायला हवी, या हिशेबावर तो चालतो. सेन्सरच खोटं बोलायला लागला की दोष येतो व्हॉल्ववर. सेन्सरच्या स्प्रेने तार धुतली (कापडाने पुसू नका, तार तुटते), फिल्टर बदलला, कोड पुसला. लाइट परत आला नाही.

"मंग थो नवा व्हॉल्व कायले सांगतला होता?"

याचं उत्तर मी दिलं नाही. सांगणाराही याच रस्त्यावर धंदा करतो.

दुसरा चोर म्हणजे उंदीर. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावता ना? जुन्या गाड्यांत व्हॉल्व व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेतल्यावर, उघडतो आणि त्या नळ्या करंगळीपेक्षा बारीक असतात. उंदराने एक कुरतडली की व्हॉल्व उघडतच नाही. डिझेल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टरही त्याच व्हॅक्यूम पंपावर चालतो. म्हणून ईजीआरची तक्रार आणि जोडीला ब्रेक कडक झाला असेल, तर व्हॉल्व सोडा, आधी पंप आणि नळ्या बघा. आणि अशी गाडी पळवू नका. टर्बोच्या पुढचा रबरी पाइप फाटला तरी काळा धूर येतो, पिकअप जातं, आणि त्याचंही खापर ईजीआरवरच फुटतं.

तिसरं दुखणं आपल्या मातीचंच. आपण खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी पिववत नाही, पण रेडिएटरमध्ये बिनदिक्कत ओततो. ज्या गाडीत ईजीआरचा कूलर, म्हणजे आत सोडायचा धूर रेडिएटरच्या पाण्याने गार करणारा भाग, आहे, तिथे हे खारं पाणी कूलरच्या पातळ पत्र्याला आतून खातं. मग बाहेर थेंब नाही तरी पाणी कमी होतं, सकाळी पांढरा धूर निघतो, आणि मिस्त्री म्हणतो हेडचं पॅकिंग गेलं. हेड उतरवायच्या आधी कूलरचा धुराकडचा पाइप सोडून आत बघा. कोरडी काजळी असेल तर ठीक. ओल किंवा पांढरट खुणा दिसल्या तर कूलरला प्रेशर लावून तपासा. आणि कूलंट घाला हो, बोअर नको.

एवढं सगळं बघून झालं की मगच व्हॉल्वकडे वळा. व्हॅक्यूमचा असेल तर इंजिन तापवून स्लोवर ठेवा, त्याची नळी काढा आणि हातपंपाने व्हॅक्यूम द्या. पेट्रोल गाडी अडखळेल किंवा बंद पडेल, डिझेलचा आवाज दबेल. असं झालं तर व्हॉल्व आणि वाट दोन्ही ठीक आहेत, दोष नळीत किंवा सोलेनॉइडमध्ये (विजेवर व्हॅक्यूम सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्वमध्ये). व्हॅक्यूम टिकतच नसेल तर डायफ्राम, म्हणजे व्हॉल्वमधला पडदा, फाटलाय. टिकतोय पण इंजिनाला काहीच फरक नाही, तर काजळीने वाट बुजली.

बुजली असेल तर साफ होते. बोल्टला आदल्या दिवशी गंज सुटायचं तेल सोडून ठेवा. अॅल्युमिनियममध्ये बोल्ट तुटला तर व्हॉल्वपेक्षा तेच महाग पडतं. मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर खरवडलेला कार्बन सिलिंडरमध्ये जाईल. लाकडी काडी, पितळी ब्रश, कार्ब क्लीनर, घाई नको. विजेच्या मोटरचा व्हॉल्व असेल तर मोटरचा भाग भिजवू नका, दांडी जोर लावून ढकलू नका. पॅकिंग नवंच टाका. आणि चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडात स्प्रे मारायचे व्हिडिओ बघून कुणी प्रयोग करू नये. तो स्प्रे इंधनासारखाच जळतो, इंजिनाची रेस हाताबाहेर जाऊ शकते.

आता पट्टी. लोक म्हणतात मारली तरी पीयूसी मिळते. मिळते ना, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. त्या कागदाचा या व्हॉल्वशी संबंध नाही. अॅव्हरेज वाढतं म्हणाल, तर मला तसं ठळक कुठे दिसलेलं नाही. पिकअपचं म्हणाल, तर पाय दाबल्यावर चांगला व्हॉल्व तसाही मिटलेलाच असतो. मॅनिफोल्ड स्वच्छ राहतं, हा फायदा खरा, नाकारत नाही. पण जिथे संगणक लक्ष ठेवतो तिथे लाइट लागतो, काही गाड्या ताकदही आवळतात. त्या पेटलेल्या लाइटची सवय झाली की उद्याचा दुसरा बिघाड दिसणार नाही. शिवाय गाडीचं प्रदूषण वाढेल असा बदल कायद्यातही बसत नाही. मी पट्टी मारत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जाऊ द्या.

हे सगळं बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमाच्या आधीच्या, म्हणजे एप्रिल २०२० पूर्वीच्या गाड्यांबद्दल. नव्या डिझेलमध्ये धुराची जाळी असते, तिचं गणित निराळं.

फोन करायचा असेल तर आधी एवढं बघून ठेवा: धूर काळा की पांढरा, त्रास थंड गाडीला की तापलेल्या, ब्रेक कडक आहे का, फिल्टरचा डबा शेवटचा कधी उघडला. आणि कुणी आधीच पट्टी मारून ठेवली असेल तर तेही सांगा. लपवलंत तर मी तासभर उगाच नळ्या चाचपत बसतो, आणि तो तास बिलात लागतो.