तुम्ही विचारलंत म्हणून: टेली आणि फ्लॅश मावेल अशी छोटी बॅग कुठली?

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की आता मी उत्तराच्या आधी उलटा प्रश्नच टाकते, लेन्स कुठली आहे आणि बॅगेत ती कॅमेऱ्याला लावलेली असणार की सुटी? बहुतेक जण इथेच अडकतात, कारण डोक्यात एवढंच असतं की एक बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा, एक टेली म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, एक फ्लॅश, जमलं तर कॅमेऱ्याबरोबर येते ती छोटी किट लेन्स, आणि बॅग अशी हवी की खांद्यावर आहे हे कळूसुद्धा नये. ह्यात हसण्यासारखं काही नाही, मी स्वतः असाच विचार करून तीन बॅगा घेतल्यात, त्यातल्या एकीत आता घरचे चार्जर आणि वायरी ठेवतात.

तर आधी लेन्स. "टेली" ह्या एका शब्दात फार मोठं खटलं मावतं. कॅननची क्रॉप बॉडीसाठीची, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची, ५५-२५० एसटीएम जेमतेम ११ सेंटीमीटर लांब आणि ३७५ ग्रॅम, ती जॅकेटच्या खिशातही जाईल. त्याच कंपनीची ईएफ ७०-२०० एफ/४ आयएस १७ सेंटीमीटरच्या वर आणि ७६० ग्रॅम. आणि तिचीच थोरली बहीण, जास्त उजेड आत घेणारी एफ/२.८ आयएस टू, २० सेंटीमीटर आणि दीड किलो. तिघींनाही आपण टेलीच म्हणतो! कॅननचीच मिररलेसवाली (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची) आरएफ ७०-२०० एफ/२.८ बंद असताना साडेचौदा सेंटीमीटरच भरते, कारण झूम केल्यावर तिचं नळकांडं पुढे येतं. सोनीची ७०-२०० एफ/२.८ जीएम टू मात्र वजनाने किलोभरावर उतरली तरी लांबीला आहे तशी २० सेंटीमीटरच. त्यामुळे लेन्स हलकी झाली म्हणजे बॅग छोटी चालेल असं धरून चालू नका.

आणि हे सगळे आकडे नुसत्या लेन्सचे आहेत हं, कॅप, हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची ऊन अडवणारी कड) काही न लावता. तुमची लेन्स बॅगेत कधी अशी उघडी जाते का? मागची पुढची कॅप लागते, हूड उलटा करून बसवला की घेर चांगलाच वाढतो, आणि ट्रायपॉड कॉलर, म्हणजे लेन्स ट्रायपॉडला जोडायची कडी, असेल तर त्याचा पाय एका बाजूला बाहेर आलेला असतो, तो फिरवून कोपऱ्यात घ्यावा लागतो नाहीतर पार्टिशन नीट बसत नाही. मी बॅग बघायच्या आधी घरी एक उद्योग करते, जुना पेपर टेबलावर पसरायचा, सामान ज्या अवस्थेत नेणार त्याच अवस्थेत त्यावर आडवं मांडायचं, पेन्सिलने भोवती रेघ मारायची, आणि मग चौकोन आखून मोजायचं. उंचीही मोजायची, ती लोक हमखास विसरतात. मग बॅगेचं आतलं माप बघायचं, आतलं! बाहेरचं माप ठळक लिहिलेलं असतं, पण फोम चारी बाजूंनी जागा खातो आणि छोट्या बॅगेत तोच एकेक सेंटीमीटर नडतो. लिटरचा आकडा तर सोडूनच द्या, दहा लिटरची बॅग पसरट असेल तर तिच्यात तुमची उभी लेन्स जायचीच नाही.

आता खरी मेख सांगते, जी मला दोन बॅगा वाया घालवल्यावर कळली. छोट्या बॅगेत सामान एकदा बसवणं सोपं आहे. घरी निवांत बसून बॉडीला किट लेन्स लावून मधे ठेवली, शेजारच्या उंच कप्प्यात टेली, दुसऱ्या बाजूला फ्लॅश, चेन लागली, वा. मग बाहेर गेल्यावर समोर पक्षी आला किंवा स्टेजवर काही सुरू झालं, तुम्ही टेली काढून लावलीत, किट लेन्स टेलीच्या रिकाम्या कप्प्यात टाकलीत, फोटो झाले, आणि आता टेली लावलेला कॅमेरा परत ठेवायचाय. कुठे? मधल्या कप्प्यात तो मावत नाही, कारण ती जागा आखूड लेन्सच्या हिशोबाने केलेली. २० सेंटीमीटरची टेली बॉडीला लावली की सगळं मिळून साधारण २६-२७ सेंटीमीटर होतं. मग काय, कॅमेरा गळ्यात, बॅग उघडी, एका हाताने चेन ओढतोय आणि लेन्स गुडघ्यावर आपटतीये, हे मी एका बक्षीस समारंभात पूर्ण दोन तास केलंय. त्या दिवशी बॅग होती का नव्हती सारखंच.

म्हणून माझं म्हणणं असं की बॅग टेली लावलेल्या कॅमेऱ्याच्या मापाने घ्या. टेली सुटी नेणाऱ्याला बॅग थोडी छोटी मिळते हे खरं, पण तो टेली कमी वापरतो असं माझं निरीक्षण आहे, काढा लावा करायचा कंटाळा येतो आणि शेवटी दिवसभर किट लेन्सवरच भागवलं जातं. मग ते दीड किलो कशाला वागवायचं?

ह्या कामाला होल्स्टर नावाचा प्रकार सगळ्यात बरा. काहीजण टॉपलोडर म्हणतात, खाली निमुळती आणि वरून उघडणारी, कॅमेरा तोंड खाली करून आत सोडायचा आणि ग्रिप धरून वर ओढायचा, एका हाताचं काम. लोप्रोच्या टॉपलोडर झूम बॅगा ह्याच जातीतल्या. थिंक टँकच्या डिजिटल होल्स्टरना तर खालच्या बाजूला चेन असते, ती उघडली की बूड खाली सरकून बॅग लांब होते, म्हणजे हूड सरळ ठेवून किंवा जास्त लांब लेन्स घेऊनही जाता येतं आणि नको तेव्हा परत आखूड. ही कल्पना मला मनापासून आवडते. एकच बघा, तुमची टेली जुनी झाली असेल आणि उलटी धरल्यावर तिचं नळकांडं आपोआप घरंगळत पुढे येत असेल तर होल्स्टरमध्ये ती आतल्या आत लांब होऊन तळाला टेकते. लेन्सवर लॉकचं बटण असतं, ते लावायची सवय करा, नसेल तर जाड रबरबँड.

फ्लॅश. लोकांना वाटतं लेन्सचं जमलं की फ्लॅश कुठेही जाईल, आणि नेमकं तोच बॅगेचं पोट बाहेर काढतो. निकॉनचा एसबी-७०० साडेबारा सेंटीमीटरच्या पुढे, कॅननचा ६००ईएक्स-आरटी १४ सेंटीमीटरच्या वर आणि सेलशिवायच ४२५ ग्रॅम, वर चार एए सेल आले. शिवाय त्याचा आकार विचित्र, डोकं पुढे काढलेलं, धड चौकोनी नाही धड गोल नाही. ह्यावर एक साधी युक्ती आहे, डोकं सरळ आभाळाकडे करायचं. मग फ्लॅश लांब होतो पण सडपातळ होतो, आणि टेलीच्या शेजारी उभ्या फटीत आरामात जातो. डोकं वाकवून ठेवलं की तोच फ्लॅश दुप्पट जागा घेतो. कॅमेऱ्यावर लावून मात्र तो बॅगेत कधीच घालू नका, मावला तरी नको, कारण धक्का बसला की सगळा जोर खालच्या त्या छोट्याशा पायावर आणि हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या त्याच्या खाचेवर, येतो आणि तिथे फ्लॅश तुटलेले मी पाहिलेत.

सेलचंही सांगून टाकते. सुटे सेल चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर एका खिशात टाकू नका, दोन्ही टोकं धातूने जोडली गेली की ते तापतात, छोटी प्लॅस्टिकची डबी मिळते ती घ्या. साधे अल्कलाइन सेल महिनोन्महिने फ्लॅशमध्ये विसरलात तर ते गळतात आणि आतले पत्रे खराब होतात. आणि फ्लॅशचं बटण लॉक करा. माझा एकदा बॅगेतच चालू राहिला आणि पार्टिशनने टेस्टचं बटण दाबलं जाऊन अंधाऱ्या हॉलमध्ये माझ्या काखेतून वीज चमकली, पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून असं बघितलं की काय सांगू.

पण एवढं करूनही माझं मत विचाराल तर फ्लॅश बॅगेत नकोच. बॉडी आणि टेली होल्स्टरमध्ये, फ्लॅश वेगळ्या पाऊचमध्ये कमरेच्या पट्ट्याला किंवा होल्स्टरच्या बाजूला अडकवून. का, तर विचार करा तुम्ही हे दोन्ही एकत्र कधी वापरता? लांबवर फ्लॅश फारसा पोचत नाही, जवळच्या माणसांना टेलीची गरज नसते. अपवाद आहेत, मान्य, ६००ईएक्सचं डोकं २०० मिमीपर्यंत झूम होतं, म्हणजे झोत टेलीपुरता अरुंद करता येतो, ते काय उगाच नाही. पण बहुतेक वेळा एक हातात असतं तेव्हा दुसरं ओझं असतं, आणि ज्या दिवशी फ्लॅश लागणारच नाहीये त्या दिवशी पाऊच घरी ठेवून निघता येतं. एकाच बॅगेत दोघांची सोय केली की ती रिकामी असली तरी तेवढीच मोठी राहते. फ्लॅशच्या खोक्यात जी मऊ पिशवी येते तीसुद्धा चालते, धक्क्यापासून फार वाचवत नाही पण ओरखड्यापासून वाचवते.

बाकीच्या गोष्टी पटापट. पट्टा रुंद हवा, दोन किलो सामानाला अरुंद पट्टा तासाभरात खांद्यात रुततो. वेल्क्रो शांत हॉलमध्ये फार खर्र करतं, पक्ष्यांजवळ तर विचारूच नका. पावसाचं कव्हर बॅगेतच शिवलेलं असेल तर उत्तम, फक्त ते ओलं असताना परत आत कोंबू नका, आणि भिजलेली बॅग कॅमेरा आत ठेवून बंद करून ठेवू नका, फोम पाणी धरून बसतो आणि काचेवर बुरशी यायला तेवढं पुरतं. जाड फोम म्हणजे चांगली बॅग हेही काही खरं नाही. १९७० च्या दशकात फिलाडेल्फिया इन्क्वायरर ह्या पेपरचा फोटोग्राफर जिम डोम्की, त्याने स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची मऊ बॅग तयार केली, एफ-२ नावाची, तिच्यात फोम अगदी नावाला, ती अंगाला चिकटून राहते आणि हात आत सहज जातो, आणि न्यूज फोटोग्राफरांनी ती वर्षानुवर्षं वापरली. अर्थात आदळआपट करणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, मी त्यातलीच, म्हणून माझ्याकडे नाहीये.

मागच्या आठवड्यात ज्यांनी विचारलं होतं त्यांना मी आधी लेन्सचं नाव विचारलं तर ती निघाली ५५-२५०, फ्लॅशही छोटा, ४३०ईएक्स थ्री, साडेअकरा सेंटीमीटरच्या आतलाच. म्हटलं आहे त्या बॅगेचा फोटो पाठवा. एक पार्टिशन उपटलं, बॉडीला टेली लावून आडवी घातली, फ्लॅशचं डोकं वर करून कडेला उभा केला, चेन लागली. नवीन बॅग घ्यायचीच नव्हती, तर ते जरा हिरमुसलेच.