रणांगण जपायचं म्हणून ५७६ एकर झाडी तोडली

दुष्काळी भागातल्या माणसाला पटणार नाही अशी गोष्ट आहे. इथं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धातली मोठी लढाई झाली; त्या रणांगणासाठी राष्ट्रीय उद्यान खात्यानं १९९९ मध्ये आराखडा केला: ५७६ एकरांवरची झाडी काढायची. ना रस्ता जाणार होता, ना धरण होणार होतं. जुलै १८६३ मध्ये, लढाईच्या वेळी, तिथं झाडी नव्हती, एवढंच कारण. आपल्याकडं एक लिंब वाचवायला गाव गोळा होतं आणि हे सरकारी खर्चानं जंगल तोडतात, असा पहिला राग येतो.

राग उतरतो तो जमीन वाचता येऊ लागल्यावर. समोरासमोर दोन कमी उंचीच्या टेकड्या, मध्ये सव्वा-दीड किलोमीटर उघडं शिवार. तिसऱ्या दिवशी दक्षिणेचे साडेबारा हजारांच्या आसपास सैनिक हे शिवार चालून गेले. तोफा तिथंच का मांडल्या, कोणती तुकडी दिसली, कोणती खोलगटात लपली, हे नजरेनंच कळतं. मध्ये दीडशे वर्षांची रानझाडी माजली की सगळंच कोडं. म्हणून झाडी काढली, आणि जिथं तेव्हा पीचची बाग होती तिथं पीच पुन्हा लावले. लाकडी कुंपणंसुद्धा उभी केली, कारण एमिट्सबर्ग रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कुंपणं ओलांडताना माणसं टिपली गेली. कुंपण नसेल तर ती माणसं रेंगाळली का, हे कळणार कसं?

तोडायचीही रीत असते. खोड जमिनीलगत कापायचं, मुळासकट उपटायचं नाही. उपटलं की फूटभर माती उलथते आणि तिच्यातल्या गोळ्यांच्या जागा हलतात. बुंध्यांना फुटवे येतातच. म्हणून पुढची कित्येक वर्षं गवत कापणं, झुडपं काढणं, अधूनमधून बंदोबस्तात जाळणं चालू ठेवावं लागतं. नुसतं तोडून सोडलं तर चार-पाच पावसाळ्यांत पहिल्यापेक्षा दाट झुडूप माजतं.

गोळीच्या जागेचं एवढं कौतुक का? न झाडलेली, हातातून पडलेली गोळी सांगते की रांग इथं उभी होती. चेपलेली गोळी सांगते, मारा इथं आला. मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न या दुसऱ्या रणांगणावर १९८३ मध्ये गवत पेटलं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी ओळीनं चालत धातुशोधक फिरवले, आवाज आला तिथं झेंडी रोवली, मागून येणाऱ्यांनी जागा मोजून मगच वस्तू उचलली. त्यावरून लढाई कशी सरकत गेली ते मांडता आलं. राष्ट्रीय उद्यानांत हौशी माणसाला धातुशोधक वापरायला बंदी आहे ती याचसाठी.

हे सगळं त्यांना उपजत सुचलं असंही नाही हं. गेटिसबर्गात विजेच्या ट्रामवाल्यांनी रूळ टाकले होते; रणांगण जपणं हे सार्वजनिक काम आहे, त्यासाठी जमीन संपादता येते, हे ठरायला १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पुढं ३०७ फुटी खासगी मनोरा उभा राहिला, तो २००० मध्ये पाडला. म्हणजे माती त्यांनीही खाल्ली.

आपल्या असईची लढाई यांच्या साठ वर्षं आधीची, २३ सप्टेंबर १८०३.  असईला, जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांची पायदळं उभी होती. वाटाड्ये म्हणाले, नदीला उतार नाही. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, इथं उतार असणारच. शिंद्यांच्या फौजेला तोंड फिरवून नवी फळी धरावी लागली. वाळू उपसली की तो उतारच पुसला जातो, मग या लढाईचं काय दाखवणार?

मात्र असईचं सगळं शिवार सरकारनं घ्या, असं इथं बसून सांगणं सोपं आहे. तिथं प्रत्येक वावर कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. आपल्याकडं संरक्षित वास्तूभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढं २०० मीटर परवानगी, हा हिशोब देवळाला बसतो, मैलोगणती शिवाराला नाही. अमेरिकेतली दुसरी तऱ्हा मला जास्त जवळची वाटते: शेतकरी मालकी, पेरणी, कापणी स्वतःकडं ठेवतो आणि फक्त प्लॉट पाडायचा, बांधायचा हक्क विकतो. सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी ती अट पुढच्या खरेदीदारालाही लागू राहते. कापूस, मका खुशाल घ्या. नेहमीच्या नांगरटीनं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते शेततळं, मुरूम उपसा आणि जेसीबीनं केलेल्या सपाटीकरणानं.

आणि कधी नांगराला लोखंडी गोळा लागलाच, तर भंगारवाल्याला देऊ नका, घासूनही काढू नका. गट नंबर, कोणत्या बांधापासून किती पावलं, किती खोल, एवढं वहीत लिहा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा दहा रुपयांवरच्या ऐवजालाही लागतो.