शुगर ग्लायडरच्या ताटात पपई कमी, डिंक जास्त

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका रात्री आमचा शुगर ग्लायडर ढब्बू पडद्याच्या दांडीवरून नेहमीप्रमाणे झेपावला आणि माझ्या खांद्यापर्यंत पोहोचला, पण त्याला तिथे धरून राहता आले नाही. जमिनीवर आल्यावर तो पुढच्या पायांनी सरकू लागला आणि मागचे दोन्ही पाय त्याच्यामागून नुसते फरफटत राहिले. पडल्यामुळे मार लागला असावा, असे आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले आणि पडण्याविषयी काहीही न विचारता एवढेच विचारले, की याला खायला काय घालता? पपई, केळे, सफरचंद, द्राक्षे, रोज थोडा मध, अधूनमधून शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया, अशी यादी मी बऱ्यापैकी अभिमानाने सांगितली. चित्रातली हाडे आजूबाजूच्या मांसापासून जेमतेम वेगळी दिसत होती. ढब्बूला आजार माझ्या त्या यादीमुळेच झाला होता.

ही यादी मला विक्रेत्याने दिली होती. पण सगळा दोष त्याच्यावर टाकणे बरोबर नाही, कारण मीही ती कधी पडताळून पाहिली नव्हती. आपल्याकडे या प्राण्याला सर्रास ‘उडणारी खार’ म्हणतात आणि चूक तिथूनच सुरू होते. खार म्हटले की दाणे, बिया आणि फळे डोळ्यांसमोर येतात. शुगर ग्लायडरचा खारीशी काहीही संबंध नाही. तो कांगारूसारखा पोटाला पिशवी असणारा प्राणी आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या भागातला, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणलेल्या कातडीवर तरंगत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारण ९० ते १५० ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम पेरूएवढे. नावात साखर असल्यामुळे गोड तेवढे घालावे, अशी समजूत होते. जंगलात मात्र त्याच्या आहारात रसाळ फळांना फारच थोडी जागा आहे.

मग तो खातो काय? ऑस्ट्रेलियातील बाभळीच्या जातभाईंच्या, म्हणजे तिकडे ज्यांना वॅटल म्हणतात त्या झाडांच्या, खोडांवर पाझरलेला डिंक. निलगिरीच्या सालीला खालच्या लांब दातांनी खाचा पाडून मिळणारा रस. फुलांतला मध आणि पराग. पानांवरच्या किड्यांनी सोडलेला गोड चिकटा. आणि या सगळ्यांबरोबर भुंगे, पतंग, अळ्या, कोळी. किडे मुबलक असतात त्या उष्ण दिवसांत आणि पिले वाढवण्याच्या काळात तो किड्यांवर तुटून पडतो, तर थंडीत किडे आटले की डिंकावर गुजराण करतो. डिंक पचवणे सोपे काम नव्हे. त्यासाठी त्याचे उंडुक, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी, बरेच मोठे असते आणि तिच्यात जिवाणूंच्या मदतीने डिंक आंबवला जातो. एवढी व्यवस्था घेऊन जन्माला आलेल्या प्राण्याला आम्ही दीड वर्ष फ्रूट सॅलड खाऊ घालत होतो.

हाडांचे गणित डॉक्टरांनी समजावले, ते असे. आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने आणि शक्यतो दीड ते दोन पट असावे लागते. फॉस्फरस वरचढ झाला आणि रक्तातले कॅल्शियम घटले, की गळ्यातल्या परावटू ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचे संप्रेरक हाडांमधून कॅल्शियम ओढून रक्तात आणते. हाडे हळूहळू पोकळ आणि ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात, झटके येऊ शकतात. केळ्यात कॅल्शियमच्या तिपटीहून अधिक फॉस्फरस असतो. द्राक्षे, सफरचंद, पेरू यांचेही पारडे फॉस्फरसकडेच झुकलेले. मक्याचे दाणे तर या बाबतीत सर्वांत वाईट. पपई आणि अंजीर यांत मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट किंवा त्याहून थोडे अधिक असते, त्यामुळे पुरंदरच्या अंजिरांचा हंगाम असला की आमच्याकडे एक अंजीर चार रात्रींत वाटून दिले जाते. पालकात कॅल्शियम दिसायला भरपूर आहे. पण त्यातले ऑक्झलेट ते बांधून ठेवते आणि प्राण्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

आता डिंकाकडे येते, कारण मला सांगायचे आहे ते मुख्यतः डिंकाविषयीच. बाभळीचा डिंक म्हणजे रासायनिकदृष्ट्या एका गुंतागुंतीच्या शर्करेचे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार. म्हणजे जंगलात ग्लायडर किड्यांमधून फॉस्फरस मिळवतो आणि त्याला तोलणारे कॅल्शियम बऱ्याच अंशी डिंकातून येते. परदेशातील पाळणारे लोक यासाठी डिंकाची पूड मागवतात. आपल्याला मागवायची गरजच नाही; काष्ठौषधींच्या दुकानात, किराणा दुकानात, बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणून ठेवलेल्या घरच्या डब्यातही तो असतो. कोकणात आणि गोव्यात रस्त्यांच्या कडेला मैलोन्‌मैल लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ तर त्या वॅटलांच्याच गोतावळ्यातली, तेव्हा नाते अगदीच दूरचे नाही.

दुकानात मात्र नीट पाहून घ्यावे लागते. लाडवांसाठी पुष्कळ ठिकाणी धावड्याचा डिंक देतात, उन्हाळ्यात सरबतात घालायला कतिरा देतात, आणि या तिन्ही वस्तू वेगळ्या आहेत. ओळखायची सोपी रीत म्हणजे एक खडा रात्रभर पाण्यात ठेवणे. बाभळीचा डिंक पूर्ण विरघळून पातळ मधासारखा होतो, धावड्याचा बराचसा विरघळूनही चिकट गाळ राहतो आणि कतिरा जेलीसारखा फुगून पेला भरून टाकतो. मी विरघळलेला बाभळीचा डिंक गाळून घेते आणि बाभळीच्याच फांदीवर सुरीने खाचा पाडून त्यांत भरते. तो वाटीतही देता येईल, पण फांदीवरचा डिंक खरवडायला ढब्बू आणि आमची दुसरी ग्लायडर चिंगी यांना पाऊण तास लागतो, आणि रात्रभर पिंजऱ्यात असणाऱ्या प्राण्याला तेवढा उद्योग मिळणे हेही पोटभर जेवणाइतकेच आवश्यक आहे. तुपात तळलेला डिंक द्यायचा नाही, हे आईला दोनदा सांगावे लागले.

आईचा खरा आक्षेप अळ्यांना होता. आमचे घर शाकाहारी. अंडेसुद्धा माझ्या भावाच्या आजारपणानंतर शिरले ते तेवढेच. पक्ष्यांच्या आणि माशांच्या खाद्याच्या दुकानात मीलवर्म मिळतात, ते फ्रिजमध्ये ठेवले की सुस्तावून आठवडा-दोन आठवडे टिकतात, पण दह्याच्या भांड्याशेजारी तो डबा पाहून आई म्हणाली, “अगं, निदान त्यावर झाकण तरी घट्ट लाव.” आता त्या डब्यावर तिच्याच अक्षरात ‘उघडू नये’ असे लिहिलेले आहे. अळ्यांशिवाय मात्र प्रथिनांचा प्रश्न सुटत नाही. त्यातही अडचण आहेच: मीलवर्ममध्ये कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक फॉस्फरस असतो आणि चरबीही पुष्कळ असते. म्हणून खाऊ घालण्याच्या आदल्या दिवशी त्या फ्रिजबाहेर काढून नाचणीच्या पिठात, गाजराच्या तुकड्यांवर आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या भुकटीवर ठेवायच्या, म्हणजे अळीचे पोट भरलेले असताना ती ग्लायडरच्या पोटात जाते. एका प्राण्याला रात्री तीन-चार अळ्या पुरतात. बागेतले किंवा दिव्यावरचे किडे मी देत नाही. कोणत्या सोसायटीत कधी कोणते औषध फवारले गेले असेल, याचा भरवसा नाही.

रोजच्या जेवणाचा पाया म्हणजे लेडबीटर मिश्रण. ऑस्ट्रेलियातील लेडबीटर पॉसम या दुर्मिळ प्राण्याच्या नावावरून ते ओळखले जाते आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकांत त्याचे प्रमाण ठरलेले आहे: १५० मिलिलिटर कोमट पाणी, तेवढाच मध, एक सोललेले उकडलेले अंडे, २५ ग्रॅम प्रथिनयुक्त शिशुआहार आणि एक चमचा जीवनसत्त्व-खनिजांची भुकटी. पाण्यात मध विरघळवायचा, अंडे कुस्करून घालायचे, बाकीचे हळूहळू मिसळून मिक्सरमधून फिरवायचे आणि बर्फाच्या साच्यात गोठवायचे. रोज संध्याकाळी प्रत्येकाला वितळलेला एक तुकडा. शिशुआहाराऐवजी नाचणीसत्त्व वापरावे, अशी कल्पना मला सुचली होती. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून ती मोहक वाटली. डॉक्टरांनी ती मोडीत काढली. नाचणीत प्रथिने कमी आणि त्यातले फायटेट कॅल्शियमच्या शोषणात आडवे येते. पुढेही मी स्वतःची अक्कल चालवून दोनदा प्रमाण बदलले आणि दोन्ही वेळा चिंगीची विष्ठा पातळ झाली, तेव्हापासून पाककृतीला हात लावत नाही.

दोघांनाही दिवसाला आपापल्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के अन्न लागते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या प्राण्याला पंधरा ते वीस ग्रॅम. त्यातले निम्मे हे मिश्रण. उरलेल्यात अळ्या किंवा मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या चिकनचा तुकडा आणि कीटकभक्षी प्राण्यांसाठीचे तयार खाद्य. आणि एखादा चमचाभर पपई, अंजीर किंवा गाजर, तेही बारीक चिरून आणि एकत्र कालवून. मोठे तुकडे ठेवले तर गोड तेवढे वेचून बाकीचे खाली फेकले जाते. आमच्या भिंतीवर त्याचे पुरावे आहेत. फळ चावून रस शोषायचा आणि चोथा थुंकायचा, ही त्यांची जातीचीच सवय असल्यामुळे चोथा पाहून जेवले नाहीत असे समजू नये. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि ॲव्होकाडो यांना पूर्ण बंदी आहे. दूधही नाही. शेंगदाणे आणि बिया महिन्यातून एखाद्या वेळी, कारण लठ्ठपणाही या प्राण्यांत काही कमी दिसत नाही आणि लठ्ठ ग्लायडर झेपावायचे टाळतो.

ताट संध्याकाळी सातनंतरच ठेवावे, कारण दिवसभर ते घरट्याच्या पिशवीत झोपलेले असतात. सकाळी उरलेले काढून टाकायचे. एप्रिल-मेमध्ये तर मिश्रण मध्यरात्रीच आंबते, म्हणून त्या दिवसांत मी रात्री अकराला उठून वाटी बदलते. पाणी बाटलीतूनही आणि वाटीतूनही ठेवते, कारण बाटलीच्या नळीतली गोळी अडकून पाणी थांबले तर एका रात्रीत एवढ्याशा जिवाला धोका होतो.

ढब्बूला त्या जुलैनंतर सहा आठवडे बुटक्या पिंजऱ्यात ठेवावे लागले, म्हणजे चढणे आणि उड्या दोन्ही बंद. सुरुवातीला कॅल्शियमची इंजेक्शने, मग तोंडाने औषध आणि नवा आहार. चौथ्या आठवड्यात त्याने उजवा मागचा पाय टेकवला. डावा अजूनही थोडा बाहेर वळलेला आहे आणि तो तसाच राहील, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे. दर रविवारी सकाळी मसाल्यांचे वजन करायच्या काट्यावर कापडी पिशवीसकट दोघांना ठेवते आणि पिशवीचे २२ ग्रॅम वजा करून वहीत नोंद करते. गेल्या रविवारी ढब्बू ११८ भरला, चिंगी ९६. पडद्याच्या दांडीवर तो आता पुन्हा चढतो, फक्त झेपावण्याआधी पूर्वीपेक्षा बराच वेळ डोके वरखाली करून अंतर मापत बसतो.