तुम्ही विचारलंत म्हणून : स्पंजला भोके कशासाठी?

रत्नागिरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत येणारे विद्यार्थी, ओळखीचे डॉक्टर, इतकेच काय घरी आलेले पाहुणेसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात : चालताना तळव्याखाली बुटात पडणारा दाब मोजायचा तर अखंड रबराचा तुकडा का चालत नाही, भोकाभोकांचा स्पंज कशाला हवा?

अखंड सिलिकोन रबर दाबले तरी त्याचे आकारमान जवळजवळ तेवढेच राहते. ते फक्त बाजूंना फुगू पाहते आणि बुटात तेवढी जागा नसल्यामुळे ताठ राहते. आत भोके असली की रबराला दबायला वाव मिळतो. भोकांच्या भिंती आधी वाकतात, मग एकमेकींना टेकतात, आणि त्या वीजवाहक असतील तर प्रत्येक नव्या स्पर्शासरशी विजेला आणखी एक वाट मिळून विद्युतरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. तो किती उतरला यावरून दाब कळतो. मोजण्याचे खरे काम पोकळी करते, आणि म्हणूनच आमचे बहुतेक कष्ट ती नीट घडवण्यात जातात.

ती आम्ही मिठाने घडवतो. शिरोड्याकडचे जाडे मीठ चाळून सारख्या आकाराचे दाणे साच्यात ठासायचे, वीज वाहावी म्हणून कार्बनची बारीक पूड मिसळलेले पातळ सिलिकोन त्यावर ओतून निर्वातात आत मुरू द्यायचे, भट्टीत घट्ट करायचे आणि शेवटी कोमट पाण्यात मीठ विरघळवायचे. काळा तुकडा बोटांत धरून पिळला की खारे पाणी निथळते. ते गोडे होईपर्यंत पाणी बदलत राहावे लागते. दाणे एकमेकांशी सांधलेले नसतील तर मधे रबराचा पडदा राहतो आणि आतले मीठ कायमचे अडकते. येथे कोकणची हवा आमच्या मदतीला येते. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात साचा उघडा ठेवला तरी दाण्यांचे कोपरे किंचित विरघळून जुळतात, आणि सुकवल्यावर राहिलेल्या त्या सांध्यांतूनच पुढे एक भोक दुसऱ्यात उघडते.

हा सारा खटाटोप मधुमेहींच्या पायांसाठी आहे. बधिर झालेल्या तळव्याला एकाच जागी वारंवार पडणारा दाब कळत नाही आणि तेथे जखम होते. एकदा अशी जखम होऊन गेलेल्या पायासाठी बुटातला कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली ठेवावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. कडक सेन्सर अशा पायाखाली ठेवणे मला अजिबात मान्य नाही, कारण तोच टोचेल. मात्र फार मऊ स्पंजही कामाचा नाही : हलका स्पर्श तो उत्तम टिपतो, पण त्याची भोके थोड्याच दाबात मिटतात आणि त्यापुढे दाब वाढला तरी रोध फारसा हलत नाही. त्यामुळे तळव्यासाठी मीठ कमी आणि रबर जास्त, असे प्रमाण धरावे लागते.

कार्बनऐवजी भोकांच्या भिंतींवर पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरचा लेप देता येतो. प्लास्टिकच्या जातीचे पदार्थही वीज वाहू शकतात, हे १९७७ मध्ये दाखवून देणाऱ्या हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा लेप त्याच घराण्यातला. पण त्यातला पीएसएस हा घटक ओलावा शोषून फुगतो आणि पायाचा भार नसतानाही रोध बदलतो. साच्यातल्या मिठाला जी हवा मानवते तीच या लेपाला बाधते. वरून सिलिकोनचा पातळ थर दिल्याने पाणी अडते, वाफ अडत नाही. ती त्यातून आरपार जाते. म्हणून बुटासाठी मी कार्बनच पसंत करतो, आणि त्याच घाण्यातला दुसरा तुकडा तळव्याच्या कमानीखाली, जेथे भार जवळजवळ पडत नाही अशा जागी, बसवतो. हवा आणि घाम यांमुळे त्याच्या रोधात जो फरक पडतो, तो टाचेखालच्या आकड्यातून वजा केला जातो.