बर्फाने राखलेलं पाणी

पश्चिम ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट गावी धुक्यामुळे विमान सुटेना. दोन दिवस त्या एवढ्याशा विमानतळावर चकरा मारण्यात गेले. तिथे एका सहप्रवाशाने अगदी सहज विचारलं, "बर्फ कमी झाला तर समुद्र जास्त मोकळा होणार. मग मासे, पक्षी सगळ्यांची चंगळच की! रडायचं कशाला?" मला राग आला. पण मुद्देसूद उत्तर काही देता आलं नाही, आणि ते आठ दिवस डोक्यात राहिलं.

आम्ही निघालो होतो ग्रीनलंडच्या वायव्य टोकाला, कानाकला. जेमतेम सहाशेची वस्ती. १९५३ साली थुलेच्या अमेरिकन हवाई तळासाठी इथल्या इनुगुइट लोकांना जुनं गाव सोडायला लावलं, तेव्हा हे वसलं. एवढ्या उत्तरेला माणसं टिकली कशी, याचं उत्तर गावाच्या पश्चिमेला आहे. ग्रीनलंड आणि कॅनडाचं एल्समेअर बेट यांच्यामधला समुद्राचा एक प्रचंड पट्टा ऐन हिवाळ्यातही पूर्ण गोठत नाही. शास्त्रज्ञ अशा जागेला पोलिन्या म्हणतात, मूळ शब्द रशियन. इथले लोक म्हणतात पिकियालासोर्सुआक, म्हणजे पाणी खालून वर उसळतं ती मोठी जागा. मला हेच नाव जास्त आवडलं.

कानाकमधले तीन दिवस वारा आणि कॉफी यांत गेले. चौथ्या दिवशी कुत्र्यांच्या स्लेजवरून सियोरापालुक या छोट्या गावाला, आणि तिथून पुढे बर्फाच्या कडेपर्यंत. इथे कुत्री जोडीने जुंपत नाहीत. प्रत्येकाचा दोर वेगळा, त्यामुळे पंखा उघडावा तशी ती पसरून धावतात. पाणी दिसायच्या कितीतरी आधी आमच्या शिकाऱ्याने आकाशाकडे बोट केलं. सगळीकडे ढगांची खालची बाजू पांढरी, फक्त एका पट्ट्यात काळपट निळी. खाली बर्फ असेल तर ढग उजळतात, पाणी असेल तर काळवंडतात.

कडेपासून बऱ्याच अलीकडे त्याने कुत्री बसवली आणि लोखंडी टोकाच्या काठीने बर्फ ठोकत पुढे निघाला. "माझ्या पावलावर पाऊल ठेवा," एवढंच म्हणाला. कडेशी पोचल्यावर त्याने एक तुटका तुकडा त्या काठीने उलटा केला. वरून स्वच्छ पांढरा बर्फ, खालून चहाच्या गाळासारखा तपकिरी! हातमोजा काढून बोट लावलं, तर बुळबुळीत लागलं. ते शेवाळ होतं. मेमधल्या चोवीस तासांच्या उन्हात बर्फाच्या पोटाला लागलेलं, अतिसूक्ष्म वनस्पतींचं शेत. शेजारच्या मोकळ्या पाण्यात तर ऊन थेट पोचतं, म्हणून तिथे असल्या वनस्पतींचा बहर आजूबाजूच्या गोठलेल्या समुद्राच्या कितीतरी आधी येतो. तो बहर खायला तांदळाच्या दाण्याएवढे, चरबीने भरलेले कोपेपॉड येतात, म्हणजे कोळंबीचे चिमुकले दूरचे भाऊबंद. त्यांच्यावर ध्रुवीय कॉड मासा जगतो, कॉडवर सील आणि नारव्हाल हा लांब सुळ्याचा देवमासा. उरलेला बहर तळाशी बसतो, त्यावर शिंपले पोसतात आणि शिंपल्यांवर वॉलरस.

त्या संध्याकाळी (संध्याकाळ घड्याळातली, सूर्य अजून आकाशातच) गावामागच्या दगडी उतारावर गेले. लिटल ऑक नुकते आले होते. मुठीत मावेल एवढा काळा-पांढरा पक्षी, दीडशे ग्रॅम वजनाचा. वायव्य ग्रीनलंडमध्ये यांच्या कोट्यवधी जोड्या घरटी करतात. थवा वळला की उतारावरून सावली सरकायची आणि त्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. दगडांत दबा धरून बसलेली एक आजी लांब काठीच्या जाळ्याने उडते पक्षी वरच्यावर झेलत होती. उरलेल्या बर्फावर सगळीकडे गुलाबी ठिपके पडलेले. पक्ष्यांची विष्ठा गुलाबी, कारण पोटात ते लालसर कोपेपॉड. समुद्रातलं खत हे पक्षी असं पंखांवरून डोंगरावर आणून टाकतात आणि उन्हाळ्यात नेमके हेच उतार हिरवेगार होतात.

रात्री आजीने उकडलेले पक्षी वाढले. चव उग्र, माशासारखी. पण ज्या मायेने तिने पहिला वाटा माझ्या ताटात घातला, तशी माया मला कुठल्याही हॉटेलात मिळालेली नाही.

जेवताना मी विमानतळावरचा प्रश्न शिकाऱ्याला सांगितला. त्याने टेबलावर दोन कप समोरासमोर ठेवले आणि मधल्या फटीत चमचा आडवा घातला. एक कप ग्रीनलंड, दुसरा एल्समेअर. आर्क्टिक महासागरातून वाहत येणारा बर्फ उत्तरेकडच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत अडकतो आणि त्याची कमान बनते. तो चमचा म्हणजे ती कमान. ती मागचा बर्फ थोपवून धरते. कमानीच्या अलीकडे जो नवा बर्फ धरतो तो उत्तरेचा वारा दक्षिणेला ढकलून देतो, म्हणून पाणी मोकळं राहतं. मग त्याने चमचा उचलला आणि टेबलावरचे ब्रेडचे तुकडे हाताने फटीतून खाली लोटले. २००७ च्या हिवाळ्यात ही कमान धरलीच नव्हती आणि जाडजूड जुना बर्फ अखंड दक्षिणेला वाहत राहिला. बर्फ पातळ होत गेला तर कमान वरचेवर फसणार. मोकळं पाणी कदाचित वाढेलही, पण वेळेवर, ठरल्या जागी, शेजारी भक्कम कड असलेलं पाणी राहणार नाही. पक्षी येतात ते त्या वेळेसाठी. स्लेज जाते ती त्या कडेवरून.

"चमचा," तो म्हणाला आणि तो परत कपांच्या मध्ये ठेवला. आजीने टेबल आवरलं, तेव्हा ते दोन कप आणि तो चमचा मात्र तिने तसेच राहू दिले.