लंडनहून आलेलं रोमन नाणं आणि कस्टम्सचे बारा टक्के

जर्मनीत राहत असाल आणि लंडनच्या लिलावातून प्राचीन नाणं मागवायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझं नाणं आता घरात सुखरूप आहे, तरी कस्टम्सच्या त्या खिडकीची आठवण झाली की अजून डोकं तापतं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. लंडनहून पाकीट निघायचं आणि सरळ दारात यायचं. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या कस्टम्सबाहेर गेलं आणि तिथलं प्रत्येक पाकीट परदेशी माल झालं.

मला हवा होता टायबेरियसचा चांदीचा दिनारियस. हा सम्राट इ.स. १४ ते ३७ या काळातला. नाण्याच्या पुढच्या बाजूला पानांचा मुकुट घातलेला त्याचा चेहरा, मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, तिच्या एका हातात लांब राजदंड आणि दुसऱ्या हातात डहाळी. आज फ्रान्समध्ये असलेल्या ल्यों शहरात, तेव्हाच्या लुग्दुनुममध्ये, ही नाणी पाडली गेली. रोमन नाणी जमवणाऱ्यांना हा प्रकार साधा वाटतो, कारण तो भरपूर मिळतो. मला तो हवा होता याचं कारण वेगळं. भारतात जे रोमन चांदीचे साठे सापडले, त्यांत दोनच प्रकार सतत दिसतात: ऑगस्टसचं, मागे गायस आणि लुसियस हे त्याने दत्तक घेतलेले नातू उभे असलेलं नाणं, आणि टायबेरियसचं हे. पुढे ६४ साली नीरोने दिनारियसचं वजनही उतरवलं आणि कसही. त्याआधीची अस्सल चांदी आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी ठेवून घेतली होती.

मी मूळचा नाशिकचा. कॉलेजात असताना अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत गेलो होतो, तेव्हा नहपानाच्या नाण्यावर राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं पाहून थक्क झालो होतो. अक्षरं ग्रीक, पण वाचावं तर आपलीच प्राकृत. आमच्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली अशा तेरा हजारांवर नाण्यांचा साठा निघाला, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून घेतला होता. नहपानाच्या काळात भडोचच्या बंदरात रोमन नाणं उतरत होतं. त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाचा एक तुकडा आपल्याकडे असावा, ही इच्छा तेव्हापासूनची.

लिलावाचा भाग सोपा आहे. नाव नोंदवा, ओळखपत्र पाठवा, बोली लावा. एक मात्र ध्यानात ठेवा: हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम लागतो, बऱ्याच ठिकाणी वीस टक्के किंवा त्याहून जास्त, आणि वर पोस्टेज. तुमची कमाल बोली हे सगळं वजा करून ठरवा. मला सगळं धरून ४३० युरो पडले आणि ३.७४ ग्रॅमचं, चेहरा छान उठलेलं नाणं मिळालं. मी खूश होतो.

मग पोस्टाची चिठ्ठी आली: तुमचं पाकीट कस्टम्सकडे आहे, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा घेऊन या.

ऑफिस शहराबाहेर, औद्योगिक वसाहतीत. टोकन घ्यायचं, आकडा लागेपर्यंत बसायचं. माझा नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या अधिकाऱ्याने पाकीट समोर ठेवलं, कटर दिला आणि उघडायला सांगितलं. हे इथे नेहमीचंच, पाकीट आपणच त्यांच्यासमोर उघडायचं असतं. आत पुठ्ठा, त्यात प्लॅस्टिकची छोटी थैली, थैलीत एका कप्प्यात नाणं आणि दुसऱ्यात एक जुनं गोल कार्ड, आधीच्या विक्रेत्याचं. माझं नाणं मी पहिल्यांदा पाहत होतो ते काचेपलीकडे, दुसऱ्याच्या हातात. त्यांनी ते दिव्याखाली धरलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “चांदी?”

मी म्हटलं, हो.

“मग ७११८. चांदीची नाणी. एकोणीस टक्के.”

अडलं ते इथे. ७११८ हा कस्टम्सच्या मालाच्या यादीतला साध्या नाण्यांचा कोड. संग्राहकांच्या वस्तूंचा कोड ९७०५ आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या, नाणेशास्त्रीय महत्त्वाच्या वस्तूंसाठी त्यात ९७०५ ३१ असा वेगळा उपविभाग आहे. त्यावर आयात व्हॅट सात टक्के. ४३० युरोंवर एकोणीस टक्क्यांनी ८१.७० होतात आणि सात टक्क्यांनी ३०.१०. फरक ५१.६० युरोंचा. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं. पण नियम छापलेला आहे आणि समोरचा माणूस तो उघडून बघायला तयार नाही, याचा संताप पैशांच्या हिशोबात बसत नाही.

मी सांगितलं की मौल्यवान धातूंचं ७१ वं प्रकरण आहे, त्याच्या सुरुवातीच्या टिपेतच लिहिलंय की संग्राहकांच्या वस्तू या प्रकरणात धरायच्या नाहीत. उत्तर आलं, “हे एकच नाणं आहे. संग्रह कुठाय?” मी म्हटलं, ९७०५ च्या शीर्षकात संग्रह आणि संग्राहकांच्या सुट्या वस्तू अशा दोन्हींचा उल्लेख आहे. मग प्रश्न आला की हे दोन हजार वर्षांचं कशावरून? प्रमाणपत्र आहे का? मी कॅटलॉगचं पान पुढे केलं: सम्राटाचं नाव, टाकसाळ, वजन, फोटो, आणि रोमन नाण्यांच्या प्रमाण सूचीतला क्रमांक, टायबेरियस ३०. त्यावर त्यांचं म्हणणं, हे तर विकणाऱ्याने छापलंय. अहो, नाण्याचं वर्णन विकणाराच छापणार ना! प्राचीन नाण्याला सरकारी दाखला कुठलं ऑफिस देतं?

मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली होती. तेवढ्यात त्यांनी नवा मुद्दा काढला. जुनं आहे म्हणता, मग जमिनीतून काढलेलं असणार. सांस्कृतिक ठेव्याच्या कायद्याखाली तपासावं लागेल. पाकीट इथेच राहील.

एका श्वासात ते नाणं चांदीचा साधा तुकडाही होतं आणि देशाबाहेरून चोरून आणलेला ठेवाही. दोन्ही एकदम कसं असेल, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, पुढचं टोकन पुकारलं गेलं.

त्यानंतरचे आठवडे फोनवर गेले. “काम चालू आहे” यापलीकडे कोणी काही सांगेना. पाकीट ठेवून घ्यायची मुदत किती, परत लंडनला गेलं तर खर्च कोणाचा, याचंही सरळ उत्तर नाही. मला झोपेत ते गोल कार्ड आणि ते नाणं दिसायचं. कुठल्या तरी फडताळात पडलंय आणि कोणाला त्याची किंमत नाही, ही भावना फार त्रास देते.

शेवटी फोन थांबवले आणि फाइल बांधली. त्या फाइलनेच काम झालं, म्हणून तीत काय होतं ते नीट सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं, व्हॅट कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या ५४ व्या नोंदीची प्रत. मौल्यवान धातूच्या नाण्याला सात टक्के कधी लागतात ते तिथे स्पष्ट आहे: किंमत त्यातल्या शुद्ध धातूच्या भावाच्या २५० टक्क्यांहून जास्त असली पाहिजे. त्याखाली मी हिशोब मांडला. तेव्हा चांदी ग्रॅमला साधारण एक युरो. पूर्ण नाणं शुद्ध चांदीचं धरलं तरी धातू पावणेचार युरोंचा, त्याचे अडीचपट साडेनऊच्या आत. माझं बिल त्याच्या चाळीसपटीहून वर. कोणीही कॅल्क्युलेटरवर तपासून बघावं. मग ७१ व्या प्रकरणाची टीप, ९७०५ चं शीर्षक, कॅटलॉगचं पान आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या खुल्या ऑनलाइन सूचीतली त्याच क्रमांकाची नोंद, म्हणजे विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी आधार.

आणि ते गोल कार्ड. शाईने लिहिलेलं, अक्षर तिरकं, कडेला किंमत जर्मन मार्कांत. मार्क २००२ साली व्यवहारातून गेला. म्हणजे हे नाणं त्याच्या आधीपासून जर्मनीतल्या विक्रेत्यांकडे फिरत होतं, काल-परवा कुठल्या शेतातून उकरलेलं नव्हतं. जर्मनीच्या २०१६ च्या ठेवा संरक्षण कायद्यातही, मोठ्या संख्येने उपलब्ध असलेल्या आणि पुरातत्त्वाला नवं काही न सांगणाऱ्या नाण्यांना सवलत आहे. तेही कलम मी जोडलं.

पुढच्या वेळी खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी फाइल उघडली आणि वाचली. खरंच वाचली, ओळीवर बोट ठेवून. कॅल्क्युलेटर काढला, ३.७४ ला भावाने गुणलं, कार्ड हातात घेऊन मार्कांचा आकडा पाहिला आणि आत जाऊन कोणाशी तरी बोलून आल्या. “सात टक्के,” त्या म्हणाल्या. मी तीस युरो दहा सेंट भरले. मला त्यांचे हात धरून आभार मानावेसे वाटत होते. हिशोब आपण स्वतः मांडून नेला आणि तो मान्य झाला, याचा अभिमान मला आजही आहे.

अशी कार्डं आणि जुनी पाकिटं लोक टाकून देतात, नाणं नव्या अल्बममध्ये घालतात. तसं अजिबात करू नका. कागद किती जड असतो ते २०२० च्या लंडन लिलावातल्या ब्रूटसच्या नाण्यावरून कळतं. सीझरच्या खुनाच्या स्मरणार्थ पाडलेलं, दोन खंजीर आणि मधे टोपी असलेलं ते सोन्याचं नाणं प्रीमियमसह ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. पूर्वीच्या मालकीची कागदपत्रं खोटी निघाली आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने नाणं ग्रीसच्या स्वाधीन केलं. नाणं खरं होतं, तरीही.

एकोणीस टक्के भरून पाकीट आणलं असेल आणि आता हे वाचत असाल, तर करनिर्णयाच्या कागदावरची तारीख बघा. हरकत घ्यायला एक महिना असतो.

खरंखोटं पारखण्याबद्दल बरेच जण विचारतात. नवख्यांनी आधी नाण्याची कड बघावी. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेला शिवण दिसते, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात. रोमन काळातल्याच खोट्या नाण्यांत आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असतो, ती वजनात हलकी भरतात. अथेन्सच्या घुबडाच्या मोठ्या नाण्यांवर, साधारण १७ ग्रॅमच्या, छिन्नीचा खोल घाव दिसला तर घाबरू नका. आत चांदीच आहे ना हे तपासायला प्राचीन व्यापाऱ्यांनीच तो घातलेला असतो. घावामुळे किंमत उतरते आणि आपल्यासारख्यांना अस्सल घुबड परवडतं.

भारतात सुट्टीला जाताना नाणं दाखवायला नेऊ नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि पुन्हा बाहेर काढताना विमानतळावर अडकू शकतं. मी घरच्यांना फोटो पाठवले.

आता मी पैसे भरतानाच लिलावगृहाला मेल करतो: पाकिटावरच्या कस्टम्सच्या फॉर्मवर ‘प्राचीन नाणं, ९७०५ ३१’ असं लिहा, किंमत खरी लिहा, बिलाची एक प्रत पाकिटाच्या बाहेर चिकटवा आणि जुनं कार्ड असेल तर नाण्यासोबतच ठेवा. बहुतेक जण आनंदाने करतात. कुरिअरने मागवलंत तर कुरिअर कंपनी तुमच्या वतीने कस्टम्सचं काम उरकते, त्याची वेगळी फी लावते आणि कोडही स्वतःच टाकते. म्हणून त्यांचाही मेल पत्ता शोधून पाकीट निघायच्या आधी कोड कळवा. नंतर दुरुस्ती करून घ्यायची म्हणजे पुन्हा तीच खिडकी.