'बाथरूमचा नळ गळतो' ही ओळ पाच महिने का हलली नाही

दिवाळीनंतर घरातल्या कामांची वही केली, तेव्हा तिच्यात एकवीस नोंदी होत्या. खिडकीची जाळी, दाराची कडी, जिन्यातला दिवा, रंगाचा टच-अप हे सगळं भराभर खोडून झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. डिसेंबरात लिहिलेली एकच ओळ थेट मे महिन्यात खोडली गेली: 'बाथरूमचा नळ गळतो'. तिची चीड अजून गेलेली नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

नळ म्हणजे भिंतीतला सिंगल लिव्हर डायव्हर्टर, एकाच दांडीने चालणारा आणि पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा. हँडल बंद असूनही पाणी ठिबकत राहिलं, तर बहुतेक वेळा आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडबंद करणारा भाग, झिजलेलं असतं. मी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथे दर वेळी पहिला प्रश्न एकच, मॉडेल नंबर काय? तो असतो बिलावर, आणि बिल कुठे आहे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. तीन तक्रारी नोंदवल्या, तिन्ही वेळा 'माणूस पाठवतो' एवढंच उत्तर. चौथ्यांदा कळलं की ते मॉडेल बंद झालंय, पूर्ण सेट बदलावा लागेल. पूर्ण सेट म्हणजे भिंत फोडायची, वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं आणि वर तशाच टाईल्स शोधायच्या. हे ऐकून कुणीही सेट घेण्याआधी कार्ट्रिज काढून बघावं, असं माझं ठाम मत आहे.

काढायची रीत अशी. पाणी बंद करा. हँडलवरचं लाल-निळं बटण नखाने उचला. खाली स्क्रू असतो, बऱ्याच नळांत ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी किल्लीने फिरणारा. हँडल आणि प्लेट निघाली की पितळी नट पान्याने सोडवा आणि कार्ट्रिज सरळ बाहेर ओढा. जास्त चालणारी मापं ३५ आणि ४० मिलिमीटर. पण नुसत्या व्यासावर जाऊ नका. बुडाच्या पिना, भोकांची मांडणी आणि वरच्या दांड्याची उंचीही जुळावी लागते. म्हणून जुनं कार्ट्रिज हातात घेऊनच दुकानात जायचं, फोटोवर भागत नाही.

ओळ दुसऱ्यांदा अडली ती इथेच, 'पाणी बंद करा' या तीन शब्दांवर. गच्चीवरच्या टाकीचा गेट वॉल्व्ह, म्हणजे चाक फिरवून बंद करायचा, जाम झाला होता. क्षारांच्या पाण्याने हे हमखास होतं. जोर लावला तर दांडा तुटतो आणि टाकीतलं सगळं पाणी खाली येतं. म्हणजे आधी वॉल्व्ह बदलायला हवा, त्यासाठी टाकी रिकामी हवी, आणि म्युनिसिपालटीचं पाणी यायच्या आत काम संपायला हवं. गेट वॉल्व्हच्या जागी एक इंची बॉल वॉल्व्ह (दांडी आडवी केली की बंद) घातला आणि दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, लावून घेतले. पुढच्या वेळी पाईप कापावा लागणार नाही.

वहीत यातलं काहीच नव्हतं. 'नळ गळतो' ही नुसती तक्रार होती, रोज वाचली तरी हात कुठे घालायचा ते तिच्यातून कळत नव्हतं. मग तीच ओळ मी उलटीकडून लिहिली. कार्ट्रिज बसवायचं. त्याआधी काय? जुनं काढायचं. त्याआधी? पाणी बंद करायचं. त्याआधी? वॉल्व्ह बदलायचा. त्याआधी? गुरुवारी रात्री टाकी भरायची नाही. एवढ्यावर आलं की ते उद्या करता येतं. माझ्याकडे आता प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने असतात: 'कुणाकडे अडलंय' आणि 'पुन्हा कधी विचारायचं'. दुसऱ्यात तारीखच हवी, 'पुढच्या आठवड्यात' चालत नाही.

फ्रिजवर पाटी लावणार असाल तर 'करायचं, चालू, झालं' या नेहमीच्या तीन खणांत चौथा 'अडलं' असा जोडा. चालूच्या खणात दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. तिसरी आली की तिन्ही अर्धवट राहतात. मोबाईलमध्ये यादी ठेवत असाल तर ती घरातल्या दुसऱ्या माणसालाही उघडता आली पाहिजे. प्लंबर येतो तेव्हा आपण नेमके ऑफिसात असतो.

आम्ही राहतो त्या बडोद्यात तारखा टाकताना पंचांगही बघावं लागतं. गच्चीचं काम उत्तरायणाआधी काढू नका. १४ आणि १५ जानेवारीला पतंग उडवायला सगळं घर वर असतं, ओल्या कोब्यावर पाय पडणारच. होळीला दाहोदकडचे मजूर गावी जातात, त्यामुळे कडिया (गवंडी) हजर असूनही हाताखाली माणूस नसतो. गच्चीवर चायना मोझॅक (टाईलच्या तुकड्यांची फरशी) करायचं असेल तर त्यानंतर किमान सात दिवस पाणी मारणं आलं, शिवाय पाणी भरून ४८ तास गळती बघणं आलं. हे दिवस 'काम' म्हणून वहीत धरा. जूनच्या मध्यापासून पाऊस कधीही येतो, तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे गच्ची ढकलू नये.

एक राहिलंच. मोरबीच्या टाईल्स घेतल्यात तर खोक्यावरच्या बॅच आणि शेड नंबरचा फोटो त्याच दिवशी काढा आणि दहा टक्के टाईल्स जास्तीच्या ठेवा. रंगाच्या डब्यावरचा शेड कोडही असाच टिपा. बिलाचा फोटो वेगळा. आणि नवा बॉल वॉल्व्ह तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करायचा, नाहीतर तोही घट्ट होतो. माझ्या वहीत त्याची पुढची तारीख १ सप्टेंबर आहे.